‘ब्लड सिंपल’ : न विचारलेल्या एका प्रश्नाची गोष्ट



दोन आठवड्यांचा पगार थकलेला एक नोकर रात्री उशिरा मालकाच्या दुकानी जातो. दुकान बंद, पण आतल्या ऑफिसात मालक खुर्चीत बसलेला आहे. नोकर हाक मारतो, उत्तर येत नाही. पुढे जाताना त्याचा पाय जमिनीवरच्या कशावर तरी पडतो आणि मोठा बार होतो. पायाखाली पिस्तूल आहे. मालकाच्या खुर्चीखाली रक्ताचे थारोळे. आणि ते पिस्तूल कोणाचे, हे नोकराला पाहताक्षणी कळते. ज्या बाईवर त्याचे मन जडले आहे, तिचे.

त्याला कळते असे मी लिहिले खरे. पण त्याला काही कळलेले नसते. त्या बाईने गोळी झाडलेली नाही. ती तर त्या वेळी तिथे नव्हतीच. हे आपल्याला, म्हणजे प्रेक्षकांना, ठाऊक असते. कारण दहा मिनिटांपूर्वी खून कसा झाला ते आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. नोकराला ते कळायला एकच गोष्ट करावी लागली असती. तिला जाऊन सरळ विचारायचे, “बाई, हे तू केलेस का?” तो विचारत नाही. तो दार लावून घेतो, रक्त पुसायला बसतो, आणि पुढचा सगळा चित्रपट त्या न विचारलेल्या प्रश्नातून उभा राहतो.

चित्रपटाचे नाव ‘ब्लड सिंपल’. अमेरिकेतला, १९८४ सालचा. जोएल कोएन आणि ईथन कोएन या दोघा सख्ख्या भावांचा हा पहिला चित्रपट. लेखन दोघांचे, पडद्यावर दिग्दर्शक म्हणून थोरल्याचे नाव, निर्माता म्हणून धाकट्याचे. पुढे हेच दोघे जगभर गाजले. त्यांच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ या २००७ सालच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. पण १९८२ साली त्यांनी या पहिल्या चित्रपटाचे चित्रण सुरू केले तेव्हा थोरला अठ्ठावीस वर्षांच्या आतबाहेर, धाकटा पंचविशीचा, आणि दोघांच्या खिशात पैसे नव्हते.

गोष्ट सांगण्याआधी पैशाचे सांगतो, कारण आपल्या वाचकांना त्यात अधिक रस वाटेल. चित्रपट काढायचा म्हणजे कोणी तरी शेठ पाहिजे, स्टुडिओ पाहिजे, अशी आपली समजूत असते. या भावांजवळ दोन्ही नव्हते. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक, आई कलेच्या इतिहासाची प्राध्यापिका. घर शिकलेले, पण चित्रपटसृष्टीशी संबंध काडीचा नाही. जोएलने न्यूयॉर्कच्या विद्यापीठात चित्रपटाचे शिक्षण घेतले होते; ईथनने प्रिन्स्टनला तत्त्वज्ञान. जोएल दुसऱ्यांच्या चित्रपटांवर संकलकाच्या हाताखाली काम करी. असेच एका नवख्या दिग्दर्शकाच्या भयपटावर तो काम करत होता. दिग्दर्शकाचे नाव सॅम रायमी, चित्रपट ‘द ईव्हिल डेड’. रायमीने आधी एक छोटा नमुनापट काढून, तो ओळखीपाळखीच्या लोकांना दाखवून पैसे जमवले होते. ही युक्ती जोएलने उचलली.

भावांनी काय केले, तर जो चित्रपट अजून बनलाच नाही त्याची दोन-तीन मिनिटांची झलक बनवून टाकली! ना कथेतले नट ठरले होते, ना जागा. पण झलक तयार. गोळ्यांनी भोके पडलेल्या भिंतीतून अंधाऱ्या खोलीत प्रकाशाच्या सळया घुसतात, असले दृश्य त्यात होते. मग प्रोजेक्टर घेऊन ते आपल्या गावी, मिनियापोलिसला गेले आणि दारोदार फिरू लागले. डॉक्टर, वकील, छोटे व्यापारी. ज्याच्या घरी बोलावतील तिथे भिंतीवर झलक दाखवायची आणि पैसे गुंतवण्याची विनंती करायची. काहींनी दारातूनच वाटेला लावले. जवळजवळ वर्ष असे गेले. साठाहून अधिक लोकांनी मिळून साडेसात लाख डॉलर दिले आणि चित्रण सुरू करण्यापुरती रक्कम झाली. चित्रपट पूर्ण होईपर्यंत एकूण खर्च सुमारे १५ लाख डॉलर झाला. डॉलर म्हटले की आपले डोळे फिरतात, पण त्या काळी हॉलिवूडच्या एका साध्या चित्रपटाला एक कोटी डॉलरच्या वर खर्च येत असे. त्या हिशोबाने ही गरिबाघरची लग्नपत्रिका होती.

वर्गणी मागणे किती जिकिरीचे काम असते हे ज्यांनी कुठल्याही कार्यासाठी पावतीपुस्तक हातात धरले आहे त्यांना सांगायला नको. पहिल्या दहा घरांत काही मिळाले नाही की अकराव्या घराची पायरी चढवत नाही. या दोघांनी ती वर्षभर चढली.

आता गोष्ट. ठिकाण टेक्सास. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे उष्ण, सपाट, अफाट राज्य. ऑस्टिन शहर आणि जवळचे हटो नावाचे गाव इथे १९८२ च्या शरदात आठ आठवडे चित्रण झाले. सुरुवातीलाच मोकळे रस्ते आणि उजाड माळ दिसतात आणि एक जाड, घोगरा आवाज बोलू लागतो. त्याचे म्हणणे असे की रशियात म्हणे सगळे एकमेकांसाठी राबतात, निदान कागदावर तरी तसे आहे; पण मला माहीत आहे ते टेक्सास, आणि इथे ज्याचा तो. हा आवाज कोणाचा हे पुढे कळते, तेव्हा या तत्त्वज्ञानाची खरी किंमत उमगते. बोलणारा एक खाजगी गुप्तहेर आहे. पैशासाठी काहीही करणारा.

मार्टी नावाचा माणूस एका बारचा मालक. त्याची बायको ॲबी त्याला कंटाळून घर सोडून निघाली आहे. तिला गाडीतून पोहोचवतो आहे रे, मार्टीच्याच बारमधला नोकर. रात्र, मुसळधार पाऊस, काचेवर पाणी पुसणाऱ्या पट्ट्या, आणि त्या दोघांच्या पाठच्या बाजूने काढलेले चित्रण. ॲबी सांगते की लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी नवऱ्याने तिला मोत्याच्या मुठीचे छोटे पिस्तूल भेट दिले. ते त्याच्यावरच चालवण्याची पाळी येण्याआधी घर सोडलेले बरे, असे तिला वाटले. एवढ्या एका वाक्यात तिचा संसार कळतो. लुगडे नाही, दागिना नाही, पिस्तूल! दिग्दर्शकाने तिच्या हालअपेष्टांची लांबलचक दृश्ये दाखवलेली नाहीत, याबद्दल त्याला गुण द्यायला हवेत.

मार्टीने बायकोच्या मागावर तो गुप्तहेर लावलेला असतो. ॲबी आणि रे यांचे फोटो त्याच्या टेबलावर येतात. त्यानंतर रे मालकाकडे जातो. भांडायला नाही, तर दोन आठवड्यांचा पगार मागायला. इथे लेखकांची माणसांची जाण दिसते. प्रेमाबिमाच्या गोष्टी ठीक, पण नोकराला आधी आपल्या घामाचा पैसा आठवतो. मार्टी पगार देत नाही. देतो तो एक विषाचा थेंब. तो म्हणतो की तुझ्याआधीही कोणी होते, तुझ्यानंतरही असेल. आणि एक दिवस ती तुझ्याकडे भोळ्या डोळ्यांनी पाहून म्हणेल, ‘मी काही वाकडे केलेले नाही.’

चित्रपटातला खरा गुन्हा माझ्या मते इथे घडतो. गोळी नंतर सुटते. कारण पुढे, खून झाल्यावर, रे घाबराघुबरा होऊन ॲबीसमोर उभा असतो. तिला काहीच माहीत नसल्याने ती गोंधळते आणि नेमके तेच शब्द तिच्या तोंडून बाहेर पडतात. ती खरे बोलते आहे. आपल्याला ठाऊक आहे की ती खरे बोलते आहे. पण रेच्या कानात मालकाचे वाक्य आधीच जाऊन बसले आहे. त्याचा चेहरा त्या क्षणी बंद होतो, दार लावून घेतल्यासारखा. जॉन गेट्झ या नटाने ही भूमिका केली आहे. तो फार बोलत नाही, आणि तिथे तर त्याने बोलू नये हेच योग्य.

संशयपिशाच्च मानगुटीवर बसले की ते उतरत नाही असे आपल्याकडे म्हणतात. पण बहुतेक गोष्टींत संशय घेणारा दुष्ट असतो, निदान मूर्ख तरी. इथे रे दुष्ट नाही. त्याने तिच्यासाठी जिवावर उदार होऊन काम केले आहे. तिने खून केला असे समजून तो तिला वाचवायला निघाला आहे! प्रेम आहे, धैर्य आहे, त्याग आहे. नाही ती फक्त विचारण्याची हिंमत. आणि विचारायचे नाही असे तो का ठरवतो? कारण त्याला वाटते, दोघांनाही सगळे ठाऊकच आहे. घरोघरी असेच होते. ज्याला आपण समजूतदारपणा म्हणतो तो कित्येकदा नुसता अबोला असतो.

मधले कथानक थोडक्यात सांगतो. मार्टी दहा हजार डॉलर देऊन गुप्तहेराला दोघांना ठार मारायला सांगतो. गुप्तहेराचा जबाब ऐकण्यासारखा आहे: पैसे बरोबर असतील आणि काम कायद्यातले असेल तर करीन. मार्टी म्हणतो, कायद्यातले नाही. त्यावर तो म्हणतो, पैसे बरोबर असतील तर करीन. तो मार्टीला सल्ला देतो, तू चार लोकांना दिसशील अशा ठिकाणी मासे धरायला निघून जा. मार्टी जातो, मासे घेऊन परत येतो, ते मासे ऑफिसच्या टेबलावर पडलेले. गुप्तहेर मेलेल्या दोघांचा फोटो आणून दाखवतो. फोटो खोटा आहे. झोपलेल्या माणसांच्या अंगावर रंगवलेली भोके. पैसे हाती पडताच तो ॲबीच्या चोरलेल्या पिस्तुलाने मार्टीलाच गोळी घालतो आणि निघून जातो. म्हणजे पैसाही मिळाला, साक्षीदारही संपला, आणि आळ बाईवर. हिशोब चोख. फक्त निघताना त्याचा लायटर टेबलावर माशांच्या खाली राहून जातो. आणि मार्टीने पैसे देण्याआधी गुपचूप फोटो बदलून खरा फोटो तिजोरीत ठेवलेला असतो, हे त्याला नंतर कळते.

म्हणजे पाहा. गुप्तहेराला वाटते की लायटर आणि फोटो त्या दोघांच्या हाती लागले. रेला वाटते की खून ॲबीने केला. ॲबीला वाटते की रेने मार्टीला काहीतरी केले असावे. पुढे तर तिला वाटते मार्टी जिवंतच आहे. बारमधला दुसरा नोकर समजतो की रेने गल्ल्यावर डल्ला मारला, कारण दहा हजारांचा खड्डा झाकण्यासाठी मार्टीने मरण्याआधी चोरीची खोटी थाप मारून ठेवली होती. चौघेजण, चार वेगवेगळ्या गोष्टींत जगत आहेत आणि एकमेकांना मारायला निघाले आहेत. लहान मुले आंधळी कोशिंबीर खेळतात ना, तीत निदान एकाचेच डोळे बांधलेले असतात. इथे सगळ्यांचे.

आपल्या नेहमीच्या रहस्यपटात प्रेक्षकाला काही कळू देत नाहीत आणि शेवटी पडदा दूर करतात. कोएन बंधूंनी उलटे केले. आपल्याला सगळे सांगून टाकले. तरीही श्वास रोखून पाहावे लागते, कारण ‘आता काय होणार’ यापेक्षा ‘अरे बाबा, तिला विचार ना!’ हे जास्त छळते. थिएटरात असतो तर लोक पडद्याकडे बघून ओरडले असते.

या जातीच्या चित्रपटांना ‘नॉयर’ म्हणतात. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ काळा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, फ्रान्समधल्या समीक्षकांनी अमेरिकेतल्या काही गुन्हेपटांना हे नाव दिले. अंधार, लांब सावल्या, पैशाचा मोह, बाईचा मोह, आणि हळूहळू चिखलात रुतत जाणारा साधा माणूस असा त्यांचा साचा. ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) हा त्यांतला नावाजलेला. आपल्या मुंबईतही ती सावली पडली होती. देव आनंदचा ‘बाजी’ (१९५१) किंवा ‘सी.आय.डी.’ (१९५६) ज्यांनी पाहिला असेल त्यांना ते अर्धे अंधारातले चेहरे आठवतील. पुढे त्या जुन्या साच्यात नव्या काळाचे चित्रपट निघू लागले, त्यांना नव-नॉयर म्हणू लागले. ‘ब्लड सिंपल’ त्यांत मोडतो. नावही जुन्या गुन्हेकथेतून घेतले आहे. डॅशिएल हॅमेट यांच्या ‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) या कादंबरीत हा शब्दप्रयोग येतो. खूनखराबा पाहून पाहून माणसाची बुद्धी बावचळते, त्या अवस्थेला त्यांनी ‘ब्लड सिंपल’ म्हटले. मराठीत एका शब्दात सांगणे कठीण. रक्ताने वेडावलेला, असे म्हणू.

जुन्या काळ्या चित्रपटांत एक खोड होती. बाई म्हणजे विषकन्या. तिनेच पुरुषाला भुलवले, तिनेच फसवले, आणि शेवटी शिक्षाही तिलाच. कोएन बंधूंनी ही विषकन्या ठेवली, पण फक्त पुरुषांच्या डोक्यात. मार्टीला ती तशी वाटते, नंतर रेलाही वाटू लागते. प्रत्यक्षातली ॲबी साधी बाई आहे. नवरा तिला पहाटे ओढून न्यायला येतो तेव्हा ती त्याचे बोट मोडते आणि अशा जागी लाथ घालते की तो अंगणात ओकत बसतो. (हे दृश्य पाहून आमच्या भगिनीवर्गाला आनंद झाल्यावाचून राहणार नाही.) ही भूमिका फ्रान्सेस मॅकडोर्मंड यांची. पडद्यावरची त्यांची ही पहिलीच भूमिका. पुढे त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर एकदा नव्हे, तीनदा मिळाले. १९८४ साली त्यांचा आणि जोएल कोएनचा विवाह झाला.

दुसऱ्या नोकराबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. मॉरिस हे त्याचे नाव, कृष्णवर्णीय. भूमिका करणारे सॅम-आर्ट विल्यम्स स्वतः नाटककार होते. त्यांचे ‘होम’ हे नाटक १९८० साली ब्रॉडवेवर गाजले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्या काळच्या अमेरिकन चित्रपटांत काळा माणूस आला की तो विनोदाला तरी असे, नाही तर पहिल्या तासात मरण्याला. मॉरिस यांतला नाही. तो बारच्या फळीवरून उडी मारून गाण्याच्या यंत्रापाशी जातो, आपल्या आवडीचे गाणे लावतो आणि गोऱ्या गिऱ्हाइकांच्या भुवया उंचावल्या तरी फिकीर करत नाही. सगळ्या पात्रांत धड डोके एवढ्या एकाच माणसाचे शाबूत आहे. जे मनात येईल ते तो समोर येऊन बोलतो. रेवर चोरीचा संशय आला तेव्हा तोही चुकला होता, पण तो रेच्या दारात जाऊन तोंडावर विचारतो. चित्रपटात असे करणारा तो एकटा. माझी तक्रार आहे ती ही की लेखकांनी त्याला फार थोडे काम दिले. उत्तरार्धात तो जवळजवळ दिसेनासा होतो. असा माणूस कथेत अधिक राहिला असता तर कदाचित कथाच संपली असती, हेही खरे.

आता त्या रात्रीच्या दृश्याकडे येतो. रे रक्त पुसायला अंगातले नायलॉनचे जाकीट काढतो. घर सारवणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या कोणालाही विचारा, टेरिलीन-नायलॉनच्या कापडाने पाणी टिपले जाते का? ते नुसते पसरते. तसेच होते. जितके पुसावे तितके रक्त पसरत जाते. दुसऱ्या चित्रपटात एका झटक्यात खोली स्वच्छ झाली असती. इथे तो दमतो, घसरतो, घामाघूम होतो. वर पंखा फिरतो आहे. मग प्रेत गाडीत घालून तो रात्रीच्या रस्त्याला लागतो, आणि मध्येच मागून आवाज येतो. प्रेत मेलेले नाही!

पुढची दहा-पंधरा मिनिटे चित्रपटात जवळजवळ एक शब्द नाही. मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना नांगरलेली शेते, गाडीच्या दिव्यांच्या उजेडात सरपटणारा माणूस, दुरून येणाऱ्या ट्रकचे दिवे, आणि हातात फावडे घेतलेला रे. माणूस मारणे किती कष्टाचे आणि किळसवाणे काम आहे हे हिचकॉकने ‘टॉर्न कर्टन’ (१९६६) मध्ये दाखवले होते. या पोरांनी त्याच्याही पुढे पाऊल टाकले. रे खुनी नाही. दुसऱ्याने अर्धवट केलेला खून तो पुरा करतो, तोही जिने काहीच केले नाही तिच्यासाठी. उजाडते तेव्हा शेतात उभी गाडी सुरू होत नाही. पुढे दिवसाउजेडी मागच्या सीटवरून रक्त पुन्हा वर येत राहते, चादर टाकली तरी.

पैसा कमी होता याचा इथे फायदा झाला असे मला वाटते. हेलिकॉप्टर नाही, गाड्यांचे स्फोट नाहीत, शेकडो माणसे नाहीत. चार नट, एक बार, दोन-तीन खोल्या, एक रस्ता. मग दिग्दर्शकाने लक्ष द्यायचे कशाकडे? टेबलावरचे मासे, पंख्याची घरघर, बुटाचा आवाज, दाराखालून दिसणारी पावले. छायाचित्रणकार बॅरी सोनेनफेल्ड हेही नवखेच होते. नंतर ते स्वतः दिग्दर्शक झाले, ‘मेन इन ब्लॅक’ (१९९७) त्यांचाच. जमिनीलगत सुसाट धावणारे दृश्य घ्यायला महागडे यंत्र परवडत नव्हते. मग कॅमेरा एका फळीवर बसवला, फळीची दोन टोके दोन माणसांनी धरली आणि पळत सुटले. ही युक्तीसुद्धा रायमीच्याच चमूकडून आलेली. बारमधल्या एका दृश्यात कॅमेरा फळीवरून सरकत येतो, मध्ये एक दारुडा डोके टेकून झोपलेला, तर कॅमेरा त्याच्या डोक्यावरून अलगद उडी मारून पुढे जातो. असल्या खोड्या पाहून हसू येते. नवशिक्या पोरांचा हुरूप आहे तो.

संगीत कार्टर बरवेल यांचे, त्यांचाही पहिलाच चित्रपट. पियानोचे थोडेसेच सूर, पुन्हा पुन्हा येणारे. संकलन करायला जवळपास वर्ष लागले. त्यात भावांचा स्वतःचा हात होता आणि श्रेयनामावलीत त्यांनी रॉडरिक जेन्स असे टोपणनाव घातले. पुढे या नसलेल्या माणसाला संकलनासाठी दोनदा ऑस्करचे नामांकन मिळाले!

तयार झालेला चित्रपट घ्यायला मोठ्या कंपन्या पुढे आल्या नाहीत. १९८४ च्या महोत्सवांतून तो लोकांसमोर गेला. १९८५ च्या जानेवारीत युटा राज्यातल्या महोत्सवात, जो पुढे सनडान्स म्हणून प्रसिद्ध झाला, त्याला परीक्षकांचे पहिले पारितोषिक मिळाले. त्याच महिन्यात तो एका छोट्या वितरकामार्फत प्रदर्शित झाला. चीनचे नामवंत दिग्दर्शक झांग यिमू यांनी २००९ साली हीच कथा आपल्याकडच्या वाळवंटातल्या एका शेवयांच्या खानावळीत नेऊन नवा चित्रपट केला. पाहायला रंगीबेरंगी आहे, पण मूळची गंमत त्यात उतरली नाही असे माझे मत.

गुप्तहेराची भूमिका एम. एमेट वॉल्श या जुन्या, छोटी कामे करणाऱ्या नटाने केली आहे. पिवळट सूट, मोठी टोपी, घामट चेहरा, छोटीशी फोक्सवॅगन मोटार आणि खदाखदा हसणे. या माणसाची किळस येते आणि नजर हटत नाही. आयुष्यभर दुय्यम कामे करणाऱ्या वॉल्श यांना या भूमिकेसाठी अमेरिकेतल्या स्वतंत्र चित्रपटांच्या पुरस्कारांत प्रमुख अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. २०२४ च्या मार्चमध्ये ते वारले. मार्टीच्या भूमिकेत डॅन हेदाया आहेत. इतका कडवट चेहरा फार थोड्या नटांना लाभतो.

शेवट सांगत नाही. एवढेच सांगतो की शेवटची वीस मिनिटे एका रिकाम्या घरात घडतात. त्या घराच्या खिडक्यांना पडदे नाहीत. दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्यांना हे माहीत असते की रात्री दिवा लावला की बाहेरच्याला आपण दिसतो, आपल्याला बाहेरचा दिसत नाही. इतक्या साध्या गोष्टीवर तिथे माणसाचे मरण ठरते. आणि पैसे मागत फिरताना त्या झलकेत दाखवलेल्या प्रकाशाच्या सळया इथे खऱ्या कथेत परत येतात. ॲबी जिवाच्या आकांताने लढते. पण भिंतीपलीकडे कोण आहे हे तिला शेवटपर्यंत ठाऊक नसते. तो कोणीतरी दुसराच आहे असे समजून ती त्याला एक वाक्य बोलते, आणि भिंतीपलीकडचा माणूस जे उत्तर देतो त्याला हसावे की रडावे कळत नाही.

दोन सूचना. चित्रपट प्रौढांसाठी आहे. रक्तपात आहे, शय्यादृश्य आहे, शिव्या आहेत. घरातल्या लहान मुलांना घेऊन बसू नये. टेक्सासचे बोलणे कानाला जड जाते, तेव्हा खाली इंग्रजी अक्षरे येतील अशी सोय करून घ्यावी, कॉलेजात जाणारी मुले ती पटकन लावून देतील. लांबी दीड तासाच्या थोडी वर आहे. पहिली वीस मिनिटे संथ वाटतील, उठू नका. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर पाहणार असाल तर निदान खोलीतला दिवा मालवा, कारण निम्मी गोष्ट अंधारात आहे.

आणि दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा माणसांकडे पाहू नका. ती काय करणार हे आता तुम्हाला ठाऊक आहे. टेबलावरच्या त्या माशांवर नजर ठेवा. कोण किती वेळा त्यांच्या जवळून जातो, आणि त्यांच्याखाली चमकणारी ती वस्तू कोणाच्या डोळ्यांना दिसते, ते मोजत बसा.